पेवात उतरण्याआधी

मिरजेच्या मिशन दवाखान्यात, भाजलेल्यांच्या वॉर्डात
मी पहिल्यांदा मेंढपाळ घेऊन गेले.
हिरवी कुरणं, संथ पाणी, खांद्यावरचं कोकरू.
लगमव्वानं सगळं ऐकून घेतलं.
मग म्हणाली, "बाई, आमच्या भावकीत दोनशे मेंढरं हायती.
मेंढका त्यास्नी चारतो, पाणी दावतो,
पाय मोडला तर खांद्यावर बी घेतो. समदं खरं.
पण शेवटाला कुठं नेतो, ठावं हाय?
बाजारात."
शेजारच्या खाटेवरची बाई हसली, मग कण्हली.
मलाही हसू आलं. शास्त्र मिटून मी जिना उतरले.

दुसऱ्यांदा गेले ती सोनं आणि भट्टी घेऊन.
तावून सुलाखून वगैरे.
वाक्य अर्ध्यावर होतं तेव्हा माझी नजर
तिच्या कोपरापर्यंत बांधलेल्या हातांवर गेली.
केसपेपर मी सकाळीच वाचला होता:
गुऱ्हाळ. चुलवाण. मुलगा बिरू, वय एकोणीस, जागीच.
आई काढायला गेली.
हे वाचूनही मी भट्टी घेऊन आले होते.
तिनं काही म्हटलं नाही. भिंतीकडं तोंड केलं.
मला वाटतं त्या दिवशी देवानंही केलं असावं.

बाहेर चिंचेखाली तिचा नवरा बसलेला, दऱ्याप्पा.
उभा जन्म हरिपुरात हमाली, हळदीच्या पेवांवर.
पुरानं पेवं बुजली, ती सवय मात्र अंगात राहिली:
बोलताना जमिनीकडं बघायचा, जणू खाली कुणी आहे.
मी माझी चूक सांगितली. तो रागावला नाही.
"पेव उघडलं की लगीच उतरायचं नसतं, बाई.
आत वर्साचा वारा कोंडलेला.
उतरलेला माणूस गपकन बसतो, हाक बी मारत न्हाई.
झाकण काढायचं आन् बसायचं.
मग दोरीला कंदील बांधून सोडायचा.
इझला, तर वर घ्यायचा. परत बसायचं.
तळाला जाऊन जळत ऱ्हायला, तरच माणूस."
"आणि व्यापारी घाई करत असला तर?"
"त्यो काय, वरच असतोय."

सेमिनरीत आम्हाला शिकवलं होतं की दृष्टांत म्हणजे दार.
छान वाटलं होतं, वहीत दोनदा अधोरेखित केलं होतं.
दारापलीकडच्या हवेचा धडा नव्हता.
किती दारं मी अशी धाडकन उघडली असतील,
किती जण आत गपकन बसले असतील,
आणि मी प्रार्थना संपवून चहाला गेले असेन.

मग काही दिवस नुसती बसले.
सिस्टर पट्टी बदलायची, मी कागदानं वारा घालायचे.
एकदा मोसंबी सोलून फोड तिच्या तोंडात दिली, बी काढायला विसरले.
तिनं बी माझ्याच तळहातावर थुंकलं.
हे काही चिन्ह वगैरे नव्हतं. बी होतं.

सातव्या की आठव्या दिवशी तिनंच विचारलं,
"आज काय आणलं न्हाई व्हय?"
"नाही."
"मग बस."
पंखा फिरत होता. खाली कुणाची तरी गाडी सुरू होत नव्हती.
बऱ्याच वेळानं ती छताला म्हणाली,
"बिरूचं नाव घेतलं की तोंडात काकवी येती.
कढत.
थुकता बी येत न्हाई, गिळता बी येत न्हाई."

माझ्या जिभेवर वचन आलं होतं, नेमकं, जुळणारं.
मी ते तिथंच ठेवलं, आणि जीभ पोळू दिली.

संध्याकाळी नोंदवहीत रकाना होता: वापरलेला शास्त्रभाग.
मी लिहिलं, काकवी.
वरिष्ठांना समजायचं नाही म्हणून खोडलं.
खोडलेलं अजून वाचता येतं.